लेखकाने नाही, वाचकानेही नाही, मग पैसे द्यायचे कोणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका रिसर्च ग्रुपचा पेपर सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस जर्नलने स्वीकारला आणि लगेच तीन हजार डॉलरच्या आसपास फीचं बिल पाठवलं. ग्रँट संपलेली आहे, एक सहलेखक म्हणतायत की आपण तिघं मिळून खिशातून भरू, आणि विचारणाऱ्याला हे कोडं पडलंय की संशोधन सगळ्यांना फुकट वाचता यावं हे शंभर टक्के पटतं, पण मग त्याचं बिल लिहिणाऱ्याच्याच नावावर का फाडायचं, आणि त्याने द्यायचं नसेल तर द्यायचं कोणी.

मी अठरा वर्षं एका छोट्या अभ्याससंस्थेच्या जर्नलची संपादक होते. सुरुवातीला ते वर्गणीवर चालायचं, मग आम्ही लेखकांकडून फी घेऊन ते खुलं केलं, आणि शेवटची काही वर्षं कोणाकडूनच काही न घेता चालवलं. तिन्ही काळात हिशोबाची वही माझ्याच टेबलावर होती, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. खर्च विद्यापीठांनी आणि संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थांनी मिळून द्यावा, आणि तो जर्नल चालवण्यासाठी वर्षाचा म्हणून द्यावा, छापलेल्या पेपरच्या नगावर नाही. यातला दुसरा भाग लोक बोलता बोलता सोडून देतात आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. कोण देतो यावर आपण वीस वर्षं भांडतोय, पण कशाच्या बदल्यात देतो हे बघितलं नाही तर पैसे कोणीही दिले तरी गाडी त्याच खड्ड्यात जाते.

आता पहिल्यांदा खर्च खरंच असतो का ते बघू, कारण बरेच जण म्हणतात की लेखक फुकट लिहितो, रिव्ह्यूअर फुकट तपासतो, छपाई तर आता होतच नाही, मग पैसे कसले. रिव्ह्यूअरबद्दल ते अगदी खरं आहे, २०२१ मधे आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की एकट्या २०२० साली जगभरच्या रिव्ह्यूअर लोकांनी मिळून दहा कोटींपेक्षा जास्त तास या कामात घातले, आणि ते जवळपास सगळं बिनपगारी. पण बाकीचं काम कोणीतरी पगारावर बसून करावं लागतं. आलेला प्रत्येक पेपर उघडून बघायचा, चोरीचा मजकूर आहे का, आकृत्यांमधे फेरफार आहे का हे तपासायचं, रिव्ह्यूअर शोधायचे (दहा जणांना मेल टाकल्यावर दोन हो म्हणतात, आणि त्यातला एक महिनाभराने गायब होतो), स्वीकारलेला पेपर भाषा आणि संदर्भांसकट नीट करायचा, मशीनला वाचता येईल अशा एक्सएमएलमधे बसवायचा, डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक नोंदवायचा, जर्नल उद्या बंद पडलं तरी पेपर हरवू नये म्हणून क्लॉक्स किंवा पोर्टिको सारख्या ठिकाणी त्याची प्रत ठेवायची. डीओआयच्या नोंदणीला पेपरमागे डॉलरभरच लागतो, तो खर्च नाहीच म्हणा, सगळा खर्च माणसांचा आहे. आमच्याकडे अर्धवेळ काम करणारी एक व्यवस्थापक होती, ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा चार महिन्यांत दीडशे पेपर तुंबले, तेव्हा मला कळलं की "ऑनलाइन आहे म्हणजे फुकट" असं म्हणणाऱ्याने हे काम कधी जवळून बघितलेलं नाही.

बरं मग खर्च किती? २०२१ मधे ग्रोसमान आणि ब्रेम्ब्स यांनी बाजारभावाने हिशोब मांडला होता, त्यांना एका पेपरचा खर्च दोनशे डॉलरच्या खालपासून ते फार कडक निवड करणाऱ्या जर्नलसाठी हजार डॉलरच्या आसपास एवढा आला. अगदी स्वस्तातलं टोक बघायचं तर जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च घ्या, त्याचा खर्च पेपरमागे दहा डॉलरपेक्षाही कमी असल्याचं २०१२ मधे मांडलं गेलं होतं. पण ते उदाहरण तोंडावर फेकणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की तिथले लेखक स्वतःच लेटेक्स या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधे पेपर तयार करून देतात, सर्व्हर विद्यापीठाचा आणि संपादक स्वतःच्या वेळेतून काम करतात. रुग्णांचे फोटो, संमतीपत्रं, आकडेवारीची तपासणी असं सगळं असलेल्या मेडिकल जर्नलला ते जमणार नाही. आमचा स्वतःचा आकडा या दोन्हीच्या मधे कुठेतरी होता, वर्षानुवर्षं तो पाचशे डॉलरच्या वर गेला नाही.

आता दुसऱ्या बाजूला मागितली जाणारी फी बघा. २००२ मधे बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाने पेपरमागे पाचशे डॉलर घ्यायला सुरुवात केली, २००३ मधे प्लॉस बायॉलॉजी हे जर्नल निघालं तेव्हा पंधराशे, आणि २०२१ मधे नेचरमधे पेपर खुला करायचा तर साडेनऊ हजार युरो. काम एवढ्या पटीने वाढलेलं नाही. वाढली ती नावाची किंमत. एल्सव्हिअर हा बडा प्रकाशक ज्या कंपनीचा भाग आहे त्या रेलेक्सच्या २०२३ च्या हिशोबात वैज्ञानिक प्रकाशनाच्या विभागाचा नफा उत्पन्नाच्या सुमारे अडतीस टक्के आहे. मी नफ्याच्या विरोधात नाही, कोणी चांगलं काम करून पैसे कमावत असेल तर कमवावेत, पण ज्या धंद्यात कच्चा माल आणि गुणवत्तेची तपासणी दोन्ही फुकट मिळतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, तिथे ही टक्केवारी चांगल्या कामाची आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गिऱ्हाईक दुसरीकडे का जाऊ शकत नाही हे नीट समजून घ्या, कारण "लेखकाला किंमत दिसली की तो स्वस्त जर्नल शोधेल आणि बाजार आपोआप ताळ्यावर येईल" हा सुरुवातीच्या काळातला फार मोठा भरवसा होता आणि तो खोटा ठरला. वाचकाच्या बाजूने बघा, त्याला हवा असलेला पेपर एकाच जर्नलमधे असतो, दुसऱ्या जर्नलमधला पेपर वाचून त्याचं काम होत नाही. लेखकाच्या बाजूने बघितलं तर तो एक्सएमएल विकत घेत नसतो, तो जर्नलचं नाव विकत घेत असतो, कारण त्याची नोकरी, बढती आणि पुढची ग्रँट त्या नावावर ठरते. आणि बरेचदा पैसे त्याच्या खिशातले नसून ग्रँटमधले असतात, म्हणजे किंमत दिसते पण लागत नाही. ज्याच्याकडे ग्रँट नाही त्याला मात्र ती पुरेपूर लागते. म्हणजे ज्याला परवडतं तो घासाघीस करत नाही आणि ज्याला घासाघीस करायची गरज आहे त्याच्या हातात काही नाही.

गंमत नाही, वाईट वाटतं, की सुरुवात अशी नव्हती. संशोधन सगळ्यांना खुलं करा असं सांगणाऱ्या २००२ च्या बुडापेस्ट घोषणापत्रात पैसे कुठून येतील याची चांगली लांब यादी आहे, संशोधनाला पैसा देणारी सरकारं आणि फाउंडेशन, संशोधकांना नोकरी देणारी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा, ठेवी, देणग्या, वर्गण्या बंद झाल्यावर मोकळा होणारा पैसा, आणि अगदी शेवटी, फार तर असंही चालेल अशा सुरात, खुद्द संशोधकांचं योगदान. यादीतला तो शेवटचा पर्याय पुढे मुख्य रस्ता होऊन बसला. का, तर तो सगळ्यात सोपा होता. पाच हजार लायब्ऱ्यांना एकत्र आणण्यापेक्षा एका लेखकाला बिल पाठवणं केव्हाही सोपं.

आता मी म्हटलं तो खड्डा. आमचं जर्नल फीवर चालायला लागल्यानंतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. वर्षअखेरच्या बैठकीत खजिनदारांनी ताळेबंद मांडला, तूट होती, आणि त्यांनी अगदी सरळ मनाने सांगितलं की ही तूट म्हणजे फक्त बारा पेपर. कोणीही मला वाईट पेपर घ्या असं म्हणालं नाही, तसं म्हणणारी माणसंच नव्हती ती. पण पुढचं सगळं वर्ष काठावरचा प्रत्येक पेपर माझ्यासमोर आला की ते "फक्त बारा" माझ्या डोक्यात असायचे, आणि वर्षाच्या शेवटी आम्ही आधीपेक्षा सतरा पेपर जास्त घेतले होते. त्यातले चार-पाच आज मी घेतले नसते. हे मी पहिल्यांदाच इतकं उघड लिहितेय. पैशाची मला एक दमडी मिळत नव्हती तरी माझा निर्णय वाकला, मग जिथे शेअरहोल्डर बसलेत तिथे काय होत असेल याचा विचार करा.

आणि काय होतं ते जगाने बघितलंच आहे. वायली कंपनीने २०२१ मधे हिंदावी हा ओपन अ‍ॅक्सेस प्रकाशक जवळपास तीस कोटी डॉलरला विकत घेतला, पेपरची संख्या वाढवायला स्पेशल इश्यूंचा सपाटा चालू होता, त्यात पैसे घेऊन बनावट पेपर लिहून देणाऱ्या टोळ्या घुसल्या, आणि २०२३ या एका वर्षात हिंदावीचे आठ हजारांपेक्षा जास्त पेपर मागे घ्यावे लागले. ते नावच शेवटी वायलीने बंद केलं. यात तिथल्या प्रत्येकाला मी लबाड म्हणत नाही, पण प्रत्येक होकाराला पैसे आणि प्रत्येक नकाराला नुसता खर्च अशी रचना असली की चाळणी हळूहळू मोठ्या भोकांची होत जाते.

नकाराचा खर्च ही गोष्ट तर बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडे शंभर पेपर आले तर वीस-बावीस छापले जायचे. काम शंभरांवर होतं, पैसे वीस जण भरतात. म्हणजे ज्याचा पेपर चांगला निघाला त्याने बाकीच्या ऐंशी जणांना दिलेल्या नकाराचेही पैसे भरायचे. अजून एक, पैसे एकदाच येतात पण जबाबदारी कायमची असते, सात वर्षांनी कोणी पेपरमधल्या चुकीची तक्रार केली तर त्या चौकशीला जे दोन-तीन महिने जातात त्याची तरतूद कुठल्याच फीमधे नसते, म्हणून तर तक्रारी धूळ खात पडतात. ईलाइफ या जर्नलने २०२३ पासून फी पेपर स्वीकारल्यावर न घेता रिव्ह्यूला पाठवण्याच्या टप्प्यावर घ्यायला सुरुवात केली, निदान होकार आणि पैसा यांची गाठ तरी सुटली, ते मला आवडलं, पण तरी भरणारा लेखकच राहिला.

"गरीब देशांना माफी असते की" असं कोणीतरी म्हणेलच. असते. सगळ्यात गरीब देशांच्या यादीतल्यांना बहुतेक मोठ्या प्रकाशकांकडे पूर्ण माफी आणि त्यांच्या वरच्या गटाला साधारण निम्मी सूट मिळते. अडकतात ते मधल्या उत्पन्नाच्या देशांतले लोक, जिथे विद्यापीठं खूप आहेत, संशोधन भरपूर होतं आणि ग्रँट तुटपुंज्या असतात. आणि श्रीमंत देशांतले पण काही जण अडकतात बरं का, निवृत्त प्राध्यापक, छोट्या कॉलेजातले शिक्षक, गणितवाले, इतिहासवाले, ज्यांच्या कामाला कागद-पेन्सिल आणि वेळ पुरतो म्हणून ज्यांच्याकडे ग्रँट नसते. माफी मागणारे मेल मी शेकड्याने वाचलेत. एका बाईंनी त्यांचा महिन्याचा पगार, घरभाडं, मुलाची फी असं सगळं मांडून लिहिलं होतं, खाली तीनदा सॉरी. त्यांचा पेपर त्या वर्षी आमच्याकडे आलेल्या सगळ्यात उत्तम पेपरांपैकी एक होता. मी माफी दिली, पण ज्ञान देणाऱ्या माणसाला आपण हात जोडायला लावतोय हे माझ्या मनातून गेलं नाही, आणि फी बंद करायचा ठराव मी त्याच वर्षी मांडला.

मग पैसा आहे कुठे? आहे, आणि बराच आहे. माक्स प्लांक संस्थेच्या डिजिटल लायब्ररीने २०१५ मधे मांडलेला हिशोब सांगते, जगातल्या लायब्रऱ्या जर्नलच्या वर्गणीवर वर्षाला सुमारे ७.६ अब्ज युरो खर्च करत होत्या, वर्षाला निघणारे पेपर पंधरा ते वीस लाख धरले तर पेपरमागे ३,८०० ते ५,००० युरो आधीच दिले जात होते. हजार डॉलरच्या आत होणाऱ्या कामासाठी. म्हणजे नवीन पैसा उभा करायचा प्रश्नच नाही, आहे तो पैसा वाचकाला अडवणाऱ्या गेटच्या किल्लीवर खर्च होतोय तो गेट काढून आतल्या कामावर लावायचा.

हे स्वप्न नाही, होऊन दाखवलेलं काम आहे. कणभौतिकीवाल्यांनी २०१४ मधे स्कोप-थ्री ही योजना सुरू केली, सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने चाळीसपेक्षा जास्त देशांतल्या तीन हजारांवर लायब्ऱ्या आणि संस्था एकत्र आल्या, आपल्या विषयातल्या मुख्य जर्नलांच्या वर्गणीला जाणारा पैसा एका भांड्यात जमा केला, आणि ज्या देशाचे जितके पेपर तितका त्याचा वाटा असं ठरवून घेतलं. लेखकाला बिल येत नाही, वाचकाला गेट लागत नाही. त्यातही प्रकाशकाला पैसे पेपरच्या हिशोबानेच जातात ही माझ्या मते त्यातली उणीव आहे, पण भाव सर्न एकत्रितपणे ठरवून घेतं, एकटादुकटा लेखक नाही, हा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

मला त्याहून जास्त पटलेली पद्धत म्हणजे सबस्क्राइब टू ओपन. अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज या प्रकाशकाने २०२० मधे मोजक्या जर्नलांवर ती करून बघितली आणि २०२३ पर्यंत सगळी जर्नलं त्यात आणली. साधी गोष्ट आहे, लायब्ररीने नेहमीसारखीच वर्गणी भरायची, पुरेशा लायब्ऱ्यांनी भरली तर त्या वर्षीचा अंक जगाला खुला, नाही भरली तर तो फक्त भरणाऱ्यांपुरता. "बाकीचे भरतायत तर मी कशाला भरू" म्हणणाऱ्याला यात आपसूक उत्तर मिळतं. आणि मुख्य म्हणजे संपादकाने या वर्षी तीस पेपर घेतले काय आणि पन्नास घेतले काय, येणारा पैसा तेवढाच. ते "फक्त बारा" डोक्यात येतच नाहीत. युरोपियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ईएमएस प्रेसने पण २०२१ पासून हाच मार्ग धरला.

आणि तिसरी वाट, जी आम्ही शेवटी धरली, ती डायमंड, म्हणजे सगळा खर्च संस्थेने किंवा सरकारने उचलायचा. लॅटिन अमेरिकेत हे कित्येक वर्षं चालू आहे, सायएलो हे खुल्या जर्नलांचं व्यासपीठ १९९७ मधे ब्राझीलमधे साओ पाउलो राज्याच्या संशोधन संस्थेच्या पैशातून सुरू झालं. तिकडच्या लोकांना आपण विचारतोय तो प्रश्नच कधी कधी विचित्र वाटतो, विद्यापीठाने जर्नल चालवायचं असतं यात विचारायचं काय. २०२१ च्या एका मोठ्या पाहणीत जगभरात अशी सतरा ते एकोणतीस हजार जर्नलं असावीत असा अंदाज निघाला, आणि एकूण पेपरांपैकी आठ-नऊ टक्के त्यांच्यात येतात. पण याचं गोड चित्र मी रंगवणार नाही. यातली अर्ध्याहून जास्त जर्नलं वर्षाला पंचवीस किंवा त्याहून कमी पेपर काढतात आणि एक-दोन जणांच्या हौसेवर उभी असतात. ती माणसं दमली की जर्नल संपलं. डायमंडचा पुरस्कार करणारे जेव्हा "आमच्याकडे खर्चच नाही" म्हणतात तेव्हा मला राग येतो, खर्च आहे, तो एखाद्या प्राध्यापकाच्या रविवारांतून वसूल होतोय, आणि बहुतेक वेळा तो प्राध्यापक तरुण आणि कंत्राटी असतो. म्हणून माझा आग्रह आहे की पैसे खरेखुरे द्या, पगार द्या, फक्त ते लेखकाच्या खिशातून नकोत.

मधल्या काळात जे मोठे करार झाले, म्हणजे विद्यापीठांचा गट एका प्रकाशकाला एकरकमी पैसे देणार आणि त्यात वाचणं आणि छापणं दोन्ही आलं, त्याबद्दल माझं मत जरा कडू आहे. जर्मनीतल्या डील या विद्यापीठांच्या गटाने वायलीशी २०१९ मधे असा करार केला तेव्हा छापलेल्या पेपरमागे २,७५० युरो असा भाव ठरला, कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मधे एल्सव्हिअरशी बोलणी तोडून दोन वर्षं कळ सोसून २०२१ मधे करार मिळवला, त्या लोकांच्या चिकाटीचं कौतुकच आहे. पण हे करार फक्त बड्यांना जमतात. आमच्यासारख्या एका जर्नलवाल्या संस्थेशी बोलायला कुठल्याच गटाला वेळ नव्हता, आम्ही तीनदा लिहिलं, एकदाही उत्तर आलं नाही. आणि जे विद्यापीठ करारात नाही तिथला लेखक बाहेरच. हे करार कायमचे नाहीत, पुढे जायची पायरी आहे असं म्हणत केले गेले होते, आणि प्लॅन एसवाल्या, म्हणजे आपल्या पैशातलं संशोधन खुलंच छापा म्हणणाऱ्या संस्थांनी २०२४ नंतर त्यांना पाठबळ थांबवायचं ठरवलं ते बरंच झालं.

माझ्या बाजूच्या अडचणी पण सांगते. वर्गणीच्या काळात औषध कंपन्यांसारखे भरपूर वाचणारे आणि कमी छापणारे लोकही पैसे भरायचे, खुलं केल्यावर तो पैसा जातो आणि तेवढा भार विद्यापीठांवर येतो. यावर माझ्याकडे जादूची कांडी नाही, एवढंच की अशा कंपन्यांनाही त्या भांड्यात वाटा मागावा, आमच्या विषयातल्या दोन कंपन्या मागितल्यावर द्यायला तयार झाल्या होत्या. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. जो पैसे देतो त्याचा हात जर्नलवर येतो. एकाच सरकारच्या पैशावर चालणारं जर्नल एका बजेटमधे मरू शकतं, किंवा नको ते संशोधन छापू नये असा निरोप येऊ शकतो. म्हणून देणारे अनेक हवेत, वेगवेगळ्या देशांतले हवेत, आणि कुठलाही एक गेला तरी दिवा विझू नये एवढ्या छोट्या वाट्याचे हवेत. कुठल्या जर्नलला द्यायचं हे ठरवणारी समिती त्या विषयातल्या लोकांची असावी आणि तिचे निर्णय उघड असावेत.

आणि एक अट मी कधीच सोडणार नाही, जर्नलचं नाव कोणाच्या मालकीचं आहे ते. २०१५ मधे लिंग्वा या भाषाशास्त्राच्या जर्नलच्या संपादकांनी राजीनामे देऊन ग्लोसा काढलं, २०२३ मधे न्यूरोइमेजच्या चाळीसहून अधिक संपादकांनी ३,४५० डॉलर फी कमी होईना म्हणून राजीनामे देऊन इमेजिंग न्यूरोसायन्स काढलं, त्याआधी २००१ मधे मशीन लर्निंग या जर्नलच्या चाळीस जणांनी हेच केलं होतं. प्रत्येक वेळी माणसं बाहेर पडली आणि नाव मात्र प्रकाशकाकडेच राहिलं, वर्षानुवर्षं संपादकांनी आणि रिव्ह्यूअरनी कमावलेलं नाव. सार्वजनिक पैसा द्यायचा तर त्याआधी हे विचारायलाच पाहिजे, नाव अभ्याससंस्थेचं आहे का, आणि ताळेबंद उघड आहे का. दोन्हीला हो असेल तर प्रकाशक कंपनी असली तरी मला चालेल, ती कंत्राटदार म्हणून काम करेल, आवडलं नाही तर बदलता येईल.

गेट्स फाउंडेशनने २०२५ पासून एपीसी, म्हणजे लेखकांकडून मागितली जाणारी ही फी, भरणं बंद केलं, युरोपियन युनियनच्या मंत्रिपरिषदेने मे २०२३ मधे लेखकांकडून फी नको अशी भूमिका घेतली, म्हणजे वारं फिरतंय. पण फी भरणं बंद करणं हे अर्धंच काम, तो वाचलेला पैसा जर्नलांना थेट गेला नाही तर फक्त छोटी जर्नलं मरतील आणि बडे तग धरतील. मला याचीच जास्त धास्ती वाटते.

आता तुमच्या बिलाबद्दल. खिशातून भरू नका. सहलेखकांना माझं नाव सांगा हवं तर. आधी लायब्ररीत जाऊन विचारा की या प्रकाशकाशी आपला किंवा कुठल्याही सहलेखकाच्या विद्यापीठाचा करार आहे का, करार सहसा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या विद्यापीठावरून लागू होतो, आणि पेपर स्वीकारल्यानंतर तो लेखक बदलणं बहुतेक जर्नलांना चालत नाही, म्हणून हे पुढच्या वेळी सबमिशनच्या आधी बघा. मग संपादकांना, बिल पाठवणाऱ्या विभागाला नाही, दोन ओळींचा मेल टाका की ग्रँट संपली आहे, फी माफ व्हावी, पगार आणि घरभाड्याचा तपशील अजिबात देऊ नका, तो मागायचा कोणालाच हक्क नाही. जर्नल हायब्रिड, म्हणजे वर्गणीवर चालणारं पण फी भरली तर एखादा पेपर खुला करणारं, असेल तर खुलं करण्याचा पर्यायच नाकारा, पेपर वर्गणीच्या बाजूने फुकट छापला जाईल, आणि रिव्ह्यूनंतरची स्वीकारलेली प्रत, त्यांची सजवलेली पीडीएफ नाही, करारात परवानगी असेल त्या तारखेपासून विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे पेपरांच्या खुल्या साठ्यात, टाका. प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूच्या आधीची प्रत, ऑनलाइन टाकला नसेल तर त्यांचं धोरण बघून या आठवड्यातच टाका. जर्नल पूर्ण ओपन अ‍ॅक्सेस असेल आणि माफी नाकारली, तर पेपर मागे घेऊन डीओएजे या खुल्या जर्नलांच्या ऑनलाइन सूचीमधे आपल्या विषयाची फी न घेणारी जर्नलं शोधा, तिथल्या यादीतली बहुसंख्य जर्नलं फी घेत नाहीत, आणि आत्ताचे रिव्ह्यू सोबत जोडून पाठवा, बऱ्याच संपादकांना ते चालतात, मी स्वतः असे कित्येक घेतले. चार-पाच महिने जातील, पण पेपर चांगला आहे हे रिव्ह्यूअरनी सांगितलेलंच आहे.